इंग्रजी लिहिताना नेमका शब्द कसा गाठायचा: मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

बारावी झाली आणि पुढचं शिक्षण इंग्रजीत आहे. किंवा परदेशी शिकायला जाण्यासाठी आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे, किंवा नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक भागातल्या कंपनीत शिफ्ट संपल्यावर रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो. अशा वेळी बहुतेक मुलं पहिली गोष्ट करतात ती म्हणजे अवघड शब्दांची यादी पाठ करणं. 'प्लेथोरा', 'मिरियड', 'युटिलाइज'. मग हे शब्द निबंधात कुठेतरी बसवले जातात आणि वाचणाऱ्याला ते लगेच टोचतात.

मी नाशिकमध्ये इंग्रजी लेखन शिकवते. इतक्या वह्या वाचल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: लेखकाची शब्दसंपत्ती त्याच्या नेमकेपणातून कळते. द्राक्षाच्या छाटणीबद्दल लिहिताना 'कट' ऐवजी 'प्रून' लिहिणारी मुलगी, उगाच 'प्लेथोरा' लिहिणाऱ्या मुलाच्या बरीच पुढे असते. हा नेमकेपणा तुमच्याकडे मराठीत आधीपासून आहे. तो इंग्रजीत कसा न्यायचा, ते पायरीपायरीने सांगते.

आधी तीन गोष्टी वेगळ्या ओळखा

शब्दसंपत्ती या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. पहिली विविधता, म्हणजे लेखनात वेगवेगळे शब्द किती आले. दुसरी प्रगल्भता, म्हणजे त्यातले किती शब्द रोजच्या बोलण्यात सहसा न येणारे पण त्या विषयाला लागणारे आहेत. तिसरी घनता, म्हणजे एकूण शब्दांत नाम, क्रियापद, विशेषण असे अर्थ वाहणारे शब्द किती आणि 'द', 'ऑफ', 'इज' असे जोडकाम करणारे किती. जीन युअर या अभ्यासिकेने 1971 मध्ये घनतेचा विचार मांडला. लिखित इंग्रजीत अर्थ वाहणारे शब्द साधारण 40 टक्क्यांच्या वर असतात आणि बोलीत त्याहून कमी, असं तिला आढळलं. घनतेची चिंता सुरुवातीला करू नका. पहिल्या दोन गोष्टी सुधारल्या की ती आपोआप सुधारते.

आयईएलटीएसच्या लेखनाला चार निकषांवर गुण मिळतात आणि त्यातला एक पूर्ण निकष शब्दांचा असतो, म्हणजे लेखनाचे पाव गुण. त्यात परीक्षक विविधता पाहतो, नेमकेपणा पाहतो, शब्द योग्य जोडीने आला का ते पाहतो आणि स्पेलिंगही पाहतो. अवघड शब्दांची संख्या मोजून कोणी गुण देत नाही.

पहिली पायरी: माहीत असलेल्या विषयावर दीडशे शब्द लिहा

'पोल्युशन', 'सोशल मीडिया' असले विषय सुरुवातीला घेऊ नका. त्यावर सगळ्यांनी पाठ केलेली वाक्यंच लिहून होतात. घरची बाग असेल तर बागेवर लिहा. वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात असतील तर त्यांच्या कामावर, आई पापड-कुरडया करून विकत असेल तर त्यावर लिहा. विषय जितका ओळखीचा, तितकं लवकर कळतं की अमुक ठिकाणी मला शब्द हवा होता आणि तो मिळाला नाही. ती रिकामी जागा सापडणं हेच या पायरीचं काम आहे. लिहिताना शब्द अडला तर तिथे मराठी शब्द लिहा, खाली रेघ मारा आणि पुढे चला. डिक्शनरी उघडू नका.

दुसरी पायरी: मोजा

निफाडकडच्या एखाद्या विद्यार्थ्याचा परिच्छेद साधारण असा सुरू होतो: 'माय फादर हॅज अ फार्म. द फार्म इज व्हेरी बिग. द फार्म हॅज गुड ग्रेप्स. माय फादर वर्क्स व्हेरी हार्ड.'

एकूण शब्द 20, वेगवेगळे शब्द 13. तेराला विसाने भागलं की 0.65. याला टाइप-टोकन गुणोत्तर म्हणतात. आता तीच माहिती अशी लिहून पाहू: 'माय फादर ओन्स अ फाइव्ह-एकर व्हिनयार्ड निअर निफाड. एव्हरी ऑक्टोबर ही प्रून्स द व्हाइन्स, अँड बाय फेब्रुवारी द बंचेस आर रेडी टू हार्वेस्ट.' 'फाइव्ह-एकर' हा एक शब्द धरला तर एकूण 23 शब्द, त्यातले 22 वेगळे, गुणोत्तर 0.96. 'द' सोडला तर एकही शब्द दोनदा आलेला नाही.

आकड्यापेक्षा दोन परिच्छेदांत काय बदललं ते बघा. 'व्हेरी बिग' म्हणजे किती, याचं उत्तर 'पाच एकर' हे आहे. 'वर्क्स व्हेरी हार्ड' म्हणजे काय करतात, याचं उत्तर ऑक्टोबरची छाटणी. शब्द वाढले ते माहिती वाढली म्हणून. पर्यायी शब्द शोधत बसलात तर इतका फरक कधीच पडणार नाही.

एक सावधगिरी. लेखन जितकं लांब, तितकं हे गुणोत्तर खाली येतं, कारण 'द', 'अँड', 'टू' पुन्हा पुन्हा येणारच. पन्नास शब्दांच्या परिच्छेदाची तुलना तीनशे शब्दांच्या निबंधाशी करून स्वतःला नावं ठेवू नका. लांब लेखनाचे पन्नास-पन्नास शब्दांचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याचं गुणोत्तर काढा आणि सरासरी घ्या. मग आजचा निबंध महिन्यानंतरच्या निबंधाशी ताडता येतो, लांबी वेगळी असली तरी.

तिसरी पायरी: शब्द कुठल्या थरातले ते पहा

इंग्रजीत थोडे शब्द फार वेळा येतात आणि पुष्कळ शब्द क्वचित येतात. मायकल वेस्ट यांनी 1953 मध्ये सगळ्यात उपयोगी सुमारे 2000 शब्दांची एक यादी प्रसिद्ध केली. साध्या इंग्रजी मजकुरातला सुमारे 80 टक्के भाग एवढ्या शब्दांत आणि त्यांच्या रूपांत भागतो. पुढे 2000 साली अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी विद्यापीठीय लेखनात सतत येणाऱ्या 570 शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) यादी केली. 'सिग्निफिकंट', 'फॅक्टर', 'रिक्वायर', 'कॉन्ट्रिब्यूट', 'अ‍ॅनालाइज' हे त्यातले शब्द आणि अभ्यासाच्या पुस्तकांचा साधारण दहावा हिस्सा ही कुटुंबं व्यापतात. बातिया लाउफर आणि पॉल नेशन यांनी 1995 मध्ये याच कल्पनेवर एक पद्धत मांडली: शिकणाऱ्याच्या लेखनातले किती टक्के शब्द सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या पहिल्या हजारातले, किती दुसऱ्या हजारातले, किती त्या वेळच्या विद्यापीठीय शब्दयादीतले आणि किती त्या सगळ्यांच्या बाहेरचे, ते मोजायचं.

हे काम फुकटात होतं. टॉम कॉब यांच्या लेक्सट्यूटर या संकेतस्थळावर मजकूर चिकटवला की थरांनुसार रंगीत विभागणी मिळते. कॉम्प्युटर असेल तर लॉरेन्स अँथनी यांचं अँटवर्डप्रोफाइलर उतरवून घ्या. फक्त मोबाइल असेल तर केंब्रिजची ऑनलाइन डिक्शनरी पुरे, तिथे पुष्कळ शब्दांपुढे सगळ्यात सोप्या ए1 पासून सगळ्यात अवघड सी2 पर्यंतची पातळी दिलेली असते. वरच्या सुधारलेल्या परिच्छेदातले 'व्हिनयार्ड' आणि 'प्रून' हे वेस्ट यांच्या यादीबाहेरचे शब्द आहेत, आणि दोन्ही अगदी जागच्या जागी बसलेत.

इथे आपल्याकडच्या मुलांची हमखास फसगत होते. त्र्यंबकेश्वर, पिंपळगाव, गोदावरी ही नावं कुठल्याच यादीत नसतात, म्हणून यंत्र ती 'यादीबाहेरच्या' खान्यात टाकतं आणि लेखन उगाच प्रगल्भ दिसतं. चुकलेल्या स्पेलिंगचंही तेच. तुम्ही 'अ‍ॅग्रिकल्चर' चुकीचं लिहिलं तर यंत्राला तो दुर्मीळ शब्द वाटतो. मोजण्याआधी विशेषनामं काढून टाका, स्पेलिंग दुरुस्त करा आणि मगच आकड्यावर विश्वास ठेवा.

पॉल नेशन यांनी 2006 मध्ये असंही मांडलं की डिक्शनरीशिवाय इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र नीट समजायला आठ ते नऊ हजार शब्दकुटुंबं लागतात. हा आकडा वाचून घाबरू नका, तो वाचनाचा आहे. लिहायला लागणारे शब्द त्याहून खूप कमी असतात, आणि त्यातले पुष्कळ तुम्हाला वाचताना आधीच कळतात. ओळखीचे पण कधी न वापरलेले हे शब्द हातात आणणं नवीन शब्द पाठ करण्यापेक्षा सोपं आहे. सुरुवात तिथूनच करा.

चौथी पायरी: काढणे आणि लावणे

तुम्ही लिहिलेल्या परिच्छेदातली क्रियापदं तपासा. मराठीत एकच क्रियापद कितीतरी कामं करतं आणि आपण त्या सगळ्यांसाठी इंग्रजीतही एकच शब्द धरून बसतो. 'काढणे' घ्या. फोटो काढला म्हणजे 'टुक', बँकेतून पैसे काढले म्हणजे 'विथड्रू', कर्ज काढलं म्हणजे 'टुक आउट', चित्र काढलं म्हणजे 'ड्रू', भांडण काढलं म्हणजे 'पिक्ड', आणि शेतातला कांदा काढला म्हणजे 'हार्वेस्टेड'. सगळीकडे 'रिमूव्ह' लिहिलेलं मी वारंवार वाचते, आणि 'ही रिमूव्ह्ड माय फोटो' वाचणाऱ्याला वाटतं की कोणीतरी भिंतीवरचा फोटो उतरवून ठेवला. 'लावणे'चंही तसंच. रोपं लावली म्हणजे 'प्लांटेड', मलम लावलं म्हणजे 'अप्लाइड', पंखा लावला म्हणजे 'स्विच्ड ऑन', निरांजन लावलं म्हणजे 'लिट', फोन लावला म्हणजे 'कॉल्ड'.

एका कागदावर करणे, होणे, देणे, घेणे, काढणे, लावणे आणि पडणे ही सात क्रियापदं लिहा. प्रत्येकापुढे तुम्ही रोज बोलता ते पाच-सहा उपयोग मांडा आणि एकेकाचं इंग्रजी क्रियापद शोधा. एका रविवारच्या दुपारचं काम आहे. माझ्या अनुभवात या एका कागदाने लेखनात जितका फरक पडतो तितका कुठल्याच शब्दयादीने पडत नाही. हा कागद वर्गात मिळत नाही, तो स्वतःच करावा लागतो.

'गुड', 'बॅड', 'थिंग', 'व्हेरी', 'लॉट ऑफ' यांनाही याच वेळी पकडा. बदली शब्द शोधण्याआधी स्वतःला विचारा: चांगलं म्हणजे कसं? द्राक्षं चांगली म्हणजे गोड, बिनबियांची, की निर्यातीच्या दर्जाची? रस्ता चांगला म्हणजे रुंद, की खड्डे नसलेला? उत्तर मराठीत मिळालं की इंग्रजी शब्द मिळायला वेळ लागत नाही.

पाचवी पायरी: शब्द जोडीने शिका

मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते इथे.

मराठीत पाऊस मुसळधार असतो, थंडी कडाक्याची आणि ऊन रणरणतं. मुसळधार थंडी किंवा रणरणता पाऊस असं कोणी म्हणत नाही. हा नियम कोणी शिकवलेला नसतो, ऐकून ऐकून कान तयार झालेला असतो. इंग्रजीतही शब्दांच्या अशा ठरलेल्या जोड्या असतात. पाऊस 'हेवी' असतो, थंडी 'बिटर', ऊन 'स्कॉर्चिंग'. 'स्ट्राँग रेन' लिहिलं तर अर्थ कळतो, पण वाचणारा अडखळतो. कडक चहा मात्र 'स्ट्राँग टी', 'हार्ड टी' नव्हे. म्हणून 'स्ट्राँग' एकटा पाठ करून उपयोग नाही. तो कोणाबरोबर जातो हे माहीत असेल तरच तो शब्द तुमचा झाला.

लासलगावच्या बाजाराची बातमी मराठी पेपरात वाचा. भाव कोसळले, गडगडले, घसरले, वधारले, स्थिर राहिले, तेजी आली. आपल्याकडे भावाच्या प्रत्येक हालचालीला स्वतंत्र शब्द आहे आणि शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला त्यांतला फरक सांगावा लागत नाही. तोच मुलगा इंग्रजीत लिहितो, 'द रेट बिकम लेस'. त्याला फरक कळत असतो, फक्त इंग्रजी जोड माहीत नसते. कोसळले म्हणजे 'प्राइसेस प्लंज्ड', हळूहळू घसरले म्हणजे 'डिक्लाइन्ड ग्रॅज्युअली', एकदम वर गेले म्हणजे 'रोज शार्पली', जागेवर राहिले म्हणजे 'हेल्ड स्टेडी'. ज्यांना आयईएलटीएसच्या अ‍ॅकॅडेमिक परीक्षेत आलेखाचं वर्णन लिहायचं आहे, त्यांना अगदी हेच शब्द लागतात. लासलगावच्या एका महिन्याच्या कांदा भावाचा आलेख स्वतः काढा आणि दीडशे शब्दांत त्याचं वर्णन लिहा. क्लासच्या नोट्समध्ये लंडनच्या पर्यटकांचे आलेख असतात. त्यापेक्षा या आलेखातून तुम्ही लवकर शिकाल, कारण भाव कधी नुसता उतरला आणि कधी कोसळला हे तुम्हाला आतून ठाऊक असतं.

जोडी बरोबर आहे का हे पाहायला ऑक्सफर्डची शिकणाऱ्यांसाठीची ऑनलाइन डिक्शनरी उघडा आणि अर्थाऐवजी उदाहरणांची वाक्यं वाचा. पुढच्या टप्प्यावर कोका नावाचा अमेरिकी इंग्रजीचा मोठा संग्रह वापरता येतो, त्यात 100 कोटींहून अधिक शब्दांचा मजकूर आहे. दोन शब्द एकत्र किती वेळा येतात ते तिथे दिसतं.

मोबाइल किंवा वर्ड सुचवतं ते समानार्थी शब्द डोळे झाकून घेऊ नका. 'ओल्ड' वर बोट ठेवलं की 'एन्शंट' येतो, आणि 'माय एन्शंट ग्रँडफादर' असं वाक्य तयार होतं. पांडवलेणी 'एन्शंट' असू शकतात, आजोबा 'एल्डर्ली' असतात.

सहावी पायरी: वही

साधी दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक नव्या शब्दाला चार ओळी द्या: शब्द, तो ज्या वाक्यात सापडला ते वाक्य, त्याच्या दोन जोड्या आणि त्याच विषयावरचं तुमचं स्वतःचं वाक्य. मराठी अर्थ लिहायला हरकत नाही, पण नुसता अर्थ लिहून थांबू नका. आठवड्याला आठ-दहा शब्द पुरेत. दुसऱ्या दिवशी, आठवड्याने आणि महिन्याने पान उलटून पाहा, आणि प्रत्येक वेळी त्या शब्दाचं नवं वाक्य लिहा. जुनं वाक्य परत वाचल्याने शब्द फक्त ओळखीचा राहतो.

सातवी पायरी: आपल्या विषयाचं इंग्रजी वाचा

वाचायला काय घ्यावं असं विचारलं की मी आधी विचारते, तुला लिहायचं काय आहे? बागायतदाराच्या मुलाने पुण्याच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे इंग्रजी सल्ले वाचावेत. छाटणी, विरळणी, डाऊनी आणि भुरी हे रोग, या सगळ्यांचं रोजचं इंग्रजी तिथे मिळतं. आयटीआयच्या मुलाने मशीनची मॅन्युअल वाचावी. शहरातल्यांसाठी 1840 साली स्थापन झालेलं सार्वजनिक वाचनालय आहे. 2027 च्या सिंहस्थाबद्दल इंग्रजी पेपरांत जे छापून येतं तेही कापून ठेवा. रामकुंडावर लोक 'टेक बाथ' करत नाहीत, तिथे 'पिलग्रिम्स बेद', हे एका बातमीतून कळतं आणि विसरायला होत नाही.

विविधता कुठे थांबवायची

शब्द पुन्हा येऊ द्यायचा नाही, हे शाळेत शिकवलेलं फार ताणू नका. परिच्छेदाचा मुख्य शब्द पुन्हा येणारच. पहिल्या वाक्यात 'व्हिनयार्ड', दुसऱ्यात 'फार्म', तिसऱ्यात 'इस्टेट', चौथ्यात 'लँड' असं केलंत तर वाचणाऱ्याला वाटतं की तुमच्या चार वेगळ्या जमिनी आहेत. कंपनीच्या रिपोर्टमध्ये तर हे धोक्याचं आहे. ज्याला वर 'व्हॉल्व्ह' म्हटलं त्याला खाली 'टॅप' म्हटलं, तर पुढच्या शिफ्टचा माणूस भलतीच गोष्ट बंद करेल. मुख्य नाव तेच ठेवा. विविधता क्रियापदांत आणि विशेषणांत दाखवा.

आणि 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड', 'एव्हरी कॉइन हॅज टू साइड्स' ही पाठ वाक्यं पूर्ण टाळा. परीक्षकाने ती त्याच दिवशी कित्येकदा वाचलेली असतात, आणि पाठ केलेल्या भाषेला तो तुमची भाषा मानत नाही.

परीक्षेच्या दिवशी

आयईएलटीएसच्या लेखनातल्या दुसऱ्या प्रश्नाला किमान 250 शब्द लागतात आणि त्यासाठी साधारण 40 मिनिटं ठेवायची असतात. शेवटची चार मिनिटं फक्त शब्दांसाठी राखून ठेवा. पहिल्या मिनिटात 'व्हेरी' आणि 'थिंग' शोधा, निदान दोन ठिकाणी नेमका शब्द घाला. दुसऱ्यात क्रियापदांवरून नजर फिरवा, कुठे 'काढणे-लावणे' झालंय का पाहा. उरलेली दोन स्पेलिंगला द्या. ज्या शब्दाचं स्पेलिंग किंवा जोड खात्रीने येत नाही तो खोडा आणि तिथे येणारा साधा शब्द लिहा.